मांगं कोन बसते?

मिस्त्रीनं माझी गाडी स्टँडवरून उतरवली, सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही तळहात टेकवले, अंगाचा सगळा भार टाकून एकदम दाबली आणि सोडून दिली. गाडी वर आली, खाली गेली, परत वर, परत खाली. "मोजा," म्हणे. चारदा हलली तेव्हा कुठं थांबली. मी खरं तर पुढच्या शॉकअपचं ऑईल सील, म्हंजे आतलं तेल अडवणारं रबरी कडं, बदलायला आलो होतो, आणि मागचं काम निघालं की बिल वाढते हे माहीत असल्यामुळं मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, "पण मागचं ठीक आहे ना? मला तर काही जाणवत नाही." त्यानं तोंडातला खर्रा ह्या गालातून त्या गालात नेला.

"मांगं कोन बसते जी गाडीवर?"

"आई बसते."

"मंग तिलेच विचारा ना बाप्पा. मले काय विचारता."

झालं, एवढंच बोलला आणि तो पाने शोधायला आत गेला. टोमणा वगैरे नव्हता तो, त्याला बाकीच्या तीन गाड्या उरकायच्या होत्या. पण हेल्मेटात किडा शिरावा तसं ते वाक्य माझ्या कानात शिरलं, काढावं म्हटलं तर निघेना.

माझं कृषी केंद्र आहे यवतमाळकडच्या घाटंजी तालुक्यात, गावाचं नाव सांगून उपयोग नाही, घाटंजीच्या लोकांनाही सांगावं लागते कुठून वळायचं ते. गाडी शंभर सीसीची, दर तिसऱ्या घरासमोर उभी असते तीच. बारा वर्षं झाली. ह्या गाडीनं बियाण्याच्या पिशव्या वाहिल्या, फवारणीचे पंप वाहिले, तुरीची कट्टी वाहिली, एकदा तर पाहुण्यांचा बोकड मांडीवर धरून आणला होता. इंजिन ऑईल मी वेळेवर बदलतो, चेनला तेल सोडतो, टायरची हवा पाहतो. शॉकअपमध्येही तेल असते हे ऐकून माहीत होतं, पण ते बदलायचं पण असते हे बारा वर्षांत डोक्यात आलं नाही. जुलैत उजव्या पाईपवर तेलाची गोल रेघ दिसायला लागली, तिच्यावर धूळ बसून काळं कडं झालं, मी पुसायचो, दोन दिवसांनी परत तयार. मिस्त्री म्हणाला पुढचा ब्रेक ड्रमचा आहे, हे तेल ओघळत ओघळत ड्रममध्ये शिरलं तर ऐन वेळी ब्रेक नुसता घसरते. म्हंजे मी गेलो तो पण स्वतःच्या जिवाला घाबरून गेलो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

पुढचं काम मी सगळं उकिडवं बसून पाहिलं. चाक निघालं, मडगार्ड निघालं, वरून दोन्ही पाईप धरून ठेवते त्या टी चे बोल्ट ढिले झाले आणि त्यानं पाईप पिळत पिळत खाली ओढून काढला, गाजर उपटावं तसा. डब्यात उलटा केला तेव्हा जे तेल निघालं त्याला तेल कशाला म्हणायचं, रंग गढूळ चहाचा आणि वास कुजलेल्या मासोळीचा. आणि तेही निम्मंच, बाकीचं माझ्याच हातानं पुसून गेलेलं. कारण आपल्या पांदणीचा चिखल. आपली काळी माती ओली असते तोवर लोण्यासारखी, पाईपवर वाळली की सिमेंट. शॉकअप दबला की तो वाळलेला थर सीलच्या ओठात घुसतो आणि रबर खात जातो. वरून पाईपच्या क्रोमला गंजाचे फोड आलेले, सुईच्या टोकाएवढे, डोळ्याला दिसत नाहीत पण नख फिरवलं की अडकते. नवीन सील टाकून हे फोड तसेच ठेवले तर चार महिन्यात परत इथंच याल, म्हणे, आणि झिरो नंबरचा पेपर तेलात बुडवून तो अर्धा तास पाईप घासत बसला. मग जुन्या शोकेसची एक काच होती त्याच्याकडं, तिच्यावर पाईप लोटून पाहिला. वाकडा असता तर लोटताना काच आणि पाईपच्या मधली उजेडाची फट कमीजास्त झाली असती. फट नव्हती. बोकड माफ, एवढं मी मनात म्हटलं.

तेल टाकायच्या वेळी माझा एकमेव हातभार लागला. दोन्ही पाईपात तेल सारखंच पाहिजे, एकात जास्त एकात कमी चालत नाही, आणि ह्याचं माप म्हंजे कापलेली पाण्याची बाटली, तिच्यावर खिळ्यानं ओढलेली रेघ. मी दुकानात फोन लावून पोऱ्याकडून फवारणीच्या औषधाचं मिलीच्या खुणा असलेलं कोरं माप मागवलं. लोक कीटकनाशक पंपात झाकणानं अंदाजे ओततात म्हणून मी रोज काउंटरवर ओरडत असतो, माप वापरा रे, फुकट देतो ना. ते माप शेवटी वापरलं कोणी तर मिस्त्रीनं. तेल पण त्यानं फोर्कचंच, म्हंजे ह्या पुढच्या शॉकअपचंच, आणायला लावलं, दहा नंबरचं. बरेच जण इंजिनचंच वीस-चाळीस नंबरचं ओतून मोकळे होतात, चालते, पण ते जाड असते, डिसेंबरातल्या सकाळी गाडी लाकडासारखी लागते.

मग त्यानं समजावलं ते मला आवडलं. स्प्रिंगला फक्त उचलून धरता येते, थांबता येत नाही. दाबली की उसळणार, उसळली की परत दबणार, तिचा तो स्वभावच. थांबवते ते तेल. आत एक नळी असते, तिला बारीक छिद्रं, चाक खड्ड्यात गेलं की तेलाला त्या छिद्रांतून जबरदस्तीनं जावं लागते, त्याला वेळ लागतो आणि त्या वेळात धक्का जिरतो. तेल संपलं म्हंजे गाडी नुसत्या स्प्रिंगवर. "बोलनारा हाय, पन आयकनारा कोनीच नाही," असं म्हणाला.

आणि मग तो मागं वळला. टॉर्च मारला, बोट लावलं, मान वर न करता विचारलं.

"हे पाचव्या खाचीवर कोनं केलं?"

मीच.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. खरिपाची घाई, ऑटोवाला येईना आणि एका कास्तकाराला युरियाच्या दोन गोण्या संध्याकाळपर्यंत पाहिजेच होत्या. गोणी तेव्हा नुकतीच ५० ची ४५ किलोची झाली होती, २०१८ मध्ये, तरी दोनचे ९० किलो झालेच. एकावर एक बांधल्या आणि निघालो तर मडगार्ड टायरला घासायला लागलं, खर्र खर्र. रस्त्यातच उभा राहून मी स्क्रू ड्रायव्हर आणि दगडानं ठोकून ठोकून मागच्या दोन्ही शॉकअपच्या खालचं कडं शेवटच्या खाचीपर्यंत फिरवलं. कोणीतरी सांगितलं होतं असं केलं की शॉकअप कडक होतो. काम झालं. गोण्या पोचल्या. कडं परत फिरवायचं राहून गेलं, आणि राहून गेलं ते राहूनच गेलं.

मिस्त्री म्हणाला खाच वाढवली म्हंजे स्प्रिंग कडक होत नाही जी, ती आधीच दाबून ठेवल्यासारखी होते. म्हंजे कसं, तेवढं वजन मागं असल्याशिवाय ती हलायलाच तयार नाही, बारीकसारीक खड्डा आला की स्प्रिंग जागची हलत नाही, धक्का सरळ वर. आणि मोठा खड्डा आला की दबते, पण आतलं तेल मेलेलं, मग जी उसळते ती बसणाऱ्याला सीटवरून फेकते. दोन गोण्यांना ठीक आहे. गोणीला मणका नसते.

आईचं वजन मागच्या वेळी दवाखान्यात केलं तेव्हा ४६ भरलं होतं. एका गोणीपेक्षा एक किलो जास्त.

मला काही जाणवत नव्हतं हे खोटं नव्हतं पण. चालवणारा दोन चाकांच्या मधोमध बसतो, खड्डा पुढच्या चाकाला लागो की मागच्या, त्याच्यापर्यंत वाटणी होऊन पोचते. मागं बसणारा बरोबर मागच्या चाकाच्या डोक्यावर, त्याला वाटणी नाही, सगळं त्याचंच. त्यात पुढच्याला खड्डा दिसतो, तो हात सैल सोडतो, पायावर जोर घेतो. मागच्याला दिसते ती पुढच्याची पाठ. आई एका बाजूनं बसते, तोंडावर पदर, डोळे मिटलेले, एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्यात पिशवी. मिस्त्रीचं तर म्हणणं असं की बाया डाव्या अंगाला बसतात म्हणून डावा शॉकअप आधी जातो, माझाही डावाच जास्त गळत होता, पण मला काही ते पटलं नाही, मागचं चाक धरणारा दांडा, स्विंगआर्म, एकच सलग आहे, त्याला डावं-उजवं कुठून कळणार. मी वाद घातला नाही. त्या दिवशी वाद घालायच्या परिस्थितीत नव्हतो.

संध्याकाळी विचारलं मी तिला, मिस्त्रीनं सांगितलं तसं. ती तूर निवडत होती सुपात. "आई, गाडीवर मागं हादरे बसतात का गं?"

"गाडी हाय ते. हादरनारच." मग थोड्या वेळानं, "बंडीपेक्षा बरं हाय."

आता बंडीशी तुलना केल्यावर काय बोलायचं. ती लग्न होऊन ह्या घरी आली ती बंडीतच, माहेर वीसेक किलोमीटर, मधे नाला, आणि बंडीला कसला आला शॉकअप. लाकडाचं चाक, वरून लोखंडी धाव, तुंब्यात वंगण, दगडावरून चाक गेलं की दगड सरळ दातात. म्हणून बंडीत आधी कडबा अंथरायचे, कडब्यावर वाकळ, नवरी असली तर वाकळीवर अजून एक सतरंजी. ती सांगते, निघाले तेव्हा कडबा हातभर उंच होता, पोचेपर्यंत बसून बसून चार बोटं राहिला, वरून बैल थांबले की त्यातलाच ओढून खायचे. नंतर मोठ्या बाबांची राजदूत आली. तिच्या पुढच्या चाकाला आजच्यासारखे सरळ पाईप नव्हते, चाक दोन आडव्या दांड्यांना धरलेलं आणि त्या दांड्यांना आखूड शॉकअप, मूळ पोलंडच्या गाडीवरून घेतलेली रचना आहे ती असं मला आत्ता मोबाईलवर वाचताना कळलं, तेव्हा मला ती टोळासारखी दिसायची एवढंच आठवते. राजदूतवर मागं कोण बसायचं? मोठी आई. तिला कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

मोबाईलवर वाचत बसलो म्हणून अजून एक सापडलं. तेल भरलेला, आत-बाहेर सरकणारा पुढचा फोर्क विकायच्या गाडीवर पहिल्यांदा आणला बीएमडब्ल्यूनं, १९३५ मध्ये, आर १२ नावाच्या गाडीवर. मोठा शोध, आजची माझी गाडी पण त्याच जातीच्या फोर्कवर चालते. आणि त्या आर १२ ला मागं काय होतं? काहीच नाही. मागचं चाक सरळ फ्रेमला ठोकलेलं. मागच्या चाकाला स्प्रिंग द्यायचं त्यांनी मनावर घेतलं १९३८ मध्ये. जर्मनीतल्या एवढ्या हुशार लोकांचं असं, हे वाचून मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाज पण वाटली.

रस्त्याला दोष द्यायचा तर देता येतो. डांबरी रस्ता नवीन असताना दोन वर्षं गुळगुळीत, पण खाली आहे काळी माती, पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशा भेगा पडतात की अख्खा हात आत जातो. वरचं डांबर दरवर्षी तिच्यासोबत श्वास घेतल्यासारखं खालीवर होते. खड्डा नसलेल्या जागी पण लाटा असतात. खड्डा चुकवता तरी येते, लाट कशी चुकवणार. आणि पांदण लागली की मग विषयच संपला, पावसाळ्यात तर मडगार्ड आणि टायरच्या मधला चिखल काडीनं खरडत खरडत चालायचं, म्हणून अर्धं गाव पुढचं मडगार्डच काढून ठेवते. आईची कंबर दुखते, यवतमाळच्या डॉक्टरनं फोटो काढून मणक्यात गॅप आहे म्हणून सांगितलं, पट्टा दिला, वयानं होते म्हणाले. असेलही. चाळीस वर्षं वाकून कापूस वेचलेला आहे तिनं. मी काही ते सगळं शॉकअपवर ढकलत नाही. पण पट्ट्याचे पैसे मी काही न विचारता दिले आणि शॉकअपचे द्यायला कुरकुर केली, हे आहे.

आता बदलायचेच तर भारी टाकू असं डोक्यात आलं. आमच्या इथली पोट्टी मोठ्या गाडीचे, बाजूला डबी लटकलेले गॅसचे शॉकअप शंभर सीसीला बसवतात, लाल स्प्रिंग, दिसते पण मस्त. अपराधी माणसाला महाग वस्तू लवकर आवडते. मिस्त्रीनं वाट लावली त्या कल्पनेची. म्हणे त्याची लांबी जास्त असते, गाडी मागून उचलली जाते, मग पुढचा फोर्क सरळ उभा व्हायला लागतो, हँडल हलकं पडते, चेनची रेषा बिघडते, साईड स्टँडवर गाडी भलतीच झुकते, आणि त्याची स्प्रिंग त्या जड गाडीच्या हिशोबाची, तुमच्या मायला अजून कडक. "आन् मायले अजून उंच चढा लागन." हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. शेवटी कंपनीचेच साधे आणले, तालुक्याला नाही मिळाले, जे मिळत होते त्याच्या डब्यावरच्या अक्षरातच चूक होती, मग यवतमाळहून. सोबत स्विंगआर्मचे बुश, कारण जुने काढले तर रबर बोटानं चुरा होत होतं. पुढच्या पाईपला त्यानं फुग्यासारखे रबरी बूट चढवले, चिखल अडते म्हणे. गाडी थोडी म्हातारी दिसायला लागली, चालते.

नवीन शॉकअप बसल्यावर त्यानं परत तसंच सीट दाबून सोडलं. गाडी खाली गेली, सावकाश वर आली आणि थांबली. कडं दुसऱ्या खाचीवर ठेवलं आणि एक वाकडा, हुकासारखा पाना भंगाराच्या डब्यातून काढून मला दिला. "गोणी टाकसान तवा फिरवजा. पन वापस आनजा."

पहिल्यांदा आईला घेऊन निघालो ते मामाकडं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, पाहू म्हटलं कळते का. गावाबाहेरच्या लाटांवर गाडी नुसती वाहत होती, मी आरशात पाहत होतो, पदरात काही दिसत नाही. नाल्यावरच्या रपट्याच्या अलीकडं एक खड्डा आहे, जुना, सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या दहा-बारा फूट आधी तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट दाबला गेला आणि सीटवरचं तिचं वजन मला हलकं झाल्यासारखं वाटलं. खड्डा आला, गाडी दबली, उठली, काहीच झालं नाही. मग हात सैल. पुढं बाभळीच्या वळणावर परत तेच, खड्ड्याच्या आधी हात दाबला. मला हा हात काही नवीन नाही, इतकी वर्षं तो तसाच दाबला जातो आहे, मला वाटायचं मी जोरात चालवतो म्हणून भेते, किंवा आपलं आधार घेते. ती तर उठत होती. डोळे मिटून बसलेली ही बाई प्रत्येक खड्ड्याच्या आधी हातावर जोर घेऊन स्वतःला सीटवरून अर्धा इंच उचलून घेत होती, मी पायावर जोर घेतो तसं, फक्त तिच्याकडं पायाऐवजी माझा खांदा होता.

रपटा जाऊन बराच वेळ झाल्यावर मागून आवाज आला, "रपटा गेला का बाबू?"

"गेला ना."

"कवा?"

मी म्हटलं मघाशीच. ती गप्प बसली. उतरल्यावर मामीला म्हणाली आज कुठं आलो तेच समजत नव्हतं मले. तक्रार केली की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही. गाडी बदलली का असं काही विचारलं नाही तिनं.

परवा संध्याकाळी दुकान बंद करता करता एक कास्तकार आला, डीएपीची एक आणि युरियाची एक, वावर लांब, ऑटो नाही. पाना खिळ्याला लटकवलेलाच होता. दोन्हीकडं पाचवी खाच, गोण्या बांधल्या, मडगार्ड घासलं नाही, पोचवून आलो, येताना रिकामी गाडी त्या खाचीवर अशी आदळत होती की दात वाजले, ह्यावर मी सात-आठ वर्षं काढली, काढली म्हंजे कोणी काढली ते आहेच. जेवताना आई म्हणाली सकाळी लवकर निघू, दवाखान्यात नंबर लावायचा आहे. मी हात धुतले आणि बाहेर आलो. मोबाईलचा टॉर्च दातात धरून गाडीपाशी उकिडवा बसलो, डाव्या बाजूचं कडं खट्, खट्, खट् करत उतरवलं, तिसऱ्या खटक्याला पाना निसटला आणि बोटाची साल चेनकव्हरला घासून गेली.

"काय करून राहिला रे अंधारात?" आतून आवाज.

"काही नाही. हवा पाहून राह्यलो."

बोट तोंडात घातलं, ग्रीसची चव आली. उजव्या बाजूचे तीन खटके अजून बाकी होते.